कोकणात मोबाइलवरचा उपग्रह संदेश: पैसे मोजावेत की नाही, हे कसे ठरवावे

नव्या मोबाइलच्या जाहिरातींत अलीकडे एक ओळ वारंवार दिसते: रेंज नसली तरी थेट उपग्रहावरून संदेश पाठवता येईल. मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि आई-वडील राजापूर किंवा देवगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीत असलेल्या माणसाला ही ओळ वाचून पुढे जाववत नाही. दोन डोंगरांच्या बेचक्यातली घरे आणि फोन लावायचा तर सड्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढण, हे ज्यांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे, त्यांना थोडे जास्त पैसे टाकून हा त्रास कायमचा मिटावा असे वाटणे साहजिक आहे. माझे मत आधीच सांगतो. आजच्या घडीला कोकणातल्या बहुतेक घरांनी केवळ या सोयीसाठी मोबाइलवर एक रुपयाही जास्त खर्च करू नये. मात्र हे मत कोणी डोळे मिटून स्वीकारावे असा माझा आग्रह नाही, कारण उत्तर घराच्या जागेवर, व्यवसायावर आणि आपली रेंज नेमकी कशामुळे जाते यावर अवलंबून आहे. ते स्वतःचे स्वतः कसे काढावे, यासाठी हे लेखन आहे.

आधी ही सोय म्हणजे काय

उपग्रह संदेश या एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारात मोबाइल कंपनी एखाद्या उपग्रह कंपनीशी करार करते आणि फोनमध्ये त्या उपग्रहांशी बोलणारी चिप व अँटेना बसवते. ॲपलने २०२२ साली आयफोन १४ मध्ये ग्लोबलस्टार कंपनीच्या उपग्रहांवरून संकटकाळी मदत मागण्याची सोय दिली ती या प्रकारची होती, आणि २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर साधे संदेश पाठवण्याची सोयही प्रथम अमेरिकेत आली. गूगलने पिक्सेल ९ मध्ये स्कायलो या कंपनीच्या मदतीने असेच केले. दुसऱ्या प्रकारात फोन नेहमीचाच राहतो आणि उपग्रहच आकाशातल्या टॉवरसारखे काम करतो. उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक या अमेरिकी कंपनीचे यासाठीचे पहिले उपग्रह जानेवारी २०२४ मध्ये गेले, आणि अमेरिकेत टी-मोबाइल कंपनीने जुलै २०२५ पासून त्यावर आधारित सेवा महिना १० डॉलरला देऊ केली. तिसरा प्रकार मोबाइलपासून वेगळ्या उपकरणाचा आहे; कोकणच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा असल्याने त्याकडे पुढे सविस्तर वळू.

या सेवेतून बहुधा फक्त मजकूरच का जातो, हे समजले की अर्ध्या अपेक्षा आपोआप जमिनीवर येतात. आपल्या फोनची प्रक्षेपणशक्ती साधारण ०.२ वॅट असते आणि ती काही किलोमीटरवरच्या टॉवरसाठी योजलेली आहे. ग्लोबलस्टारचे उपग्रह सुमारे १,४०० किलोमीटर उंचीवरून तासाला २४ हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असतात. स्टारलिंकचे मोबाइलसाठीचे उपग्रह सुमारे ३६० किलोमीटरवर आहेत. आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्याने आकाशात स्थिर भासणारे उपग्रह जवळजवळ ३६ हजार किलोमीटर दूर असतात. एवढ्या अंतरावर एवढ्याशा शक्तीने बोलायचे तर थोडेच आणि सावकाश बोलावे लागते. ॲपलच्या स्वतःच्या माहितीनुसार मोकळ्या आकाशाखाली एक संदेश जायला ३० सेकंद लागू शकतात, आणि विरळ किंवा मध्यम पानोळ्याच्या झाडाखाली एक मिनिटापेक्षा जास्त. जाहिरातीतला माणूस नेहमी बर्फाच्या उघड्या डोंगरावर उभा असतो, हे इथे ध्यानात घ्यावे. त्याच्या डोक्यावर फणस नसतो.

पावसाबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. जुलैत धो धो पाऊस लागला की घरावरची डीटीएचची छत्री हात टेकते आणि टीव्हीवर सिग्नल नसल्याची पाटी येते, म्हणून उपग्रह संदेशही पावसात बंद पडेल असे पुष्कळांना वाटते. डीटीएच ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालते आणि त्या लहरी पावसाच्या थेंबांत मोठ्या प्रमाणात शोषल्या जातात. मोबाइलशी बोलणारे उपग्रह त्याहून पुष्कळ खालच्या, साधारण १.६ ते २ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात आणि तिथे पावसाचा अडथळा नगण्य असतो. खरी अडचण ओल्या पानांची असते. भिजलेल्या दाट बागेतून सिग्नल वर जाताना जो मार खातो, तो मोकळ्या अंगणात पडणाऱ्या पावसापेक्षा किती तरी जास्त असतो.

आज भारतात काय मिळते आणि काय कायद्यात बसत नाही

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच बहुतेकांचा निर्णय होऊन जातो. ॲपलची उपग्रह सेवा ज्या देशांत चालते त्या यादीत भारत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये ती यंत्रणा असली, तरी आपल्या किनाऱ्यावर ती चालू होत नाही. म्हणजे दुकानदार खोक्यावरची ओळ दाखवतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण ती ओळ आपल्या उपयोगाचीही नसते.

बीएसएनएलने व्हायासॅट या कंपनीबरोबर स्थिर भासणाऱ्या उपग्रहावरून फोनला थेट संदेश पाठवून दाखवण्याचे प्रात्यक्षिक ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडिया मोबाइल काँग्रेसमध्ये केले. व्होडाफोन आयडियाने २०२५ मध्ये एएसटी स्पेसमोबाइल या अमेरिकी कंपनीशी करार जाहीर केला, आणि त्याच कंपनीचा एक अवाढव्य उपग्रह डिसेंबर २०२५ मध्ये इस्रोच्या एलव्हीएम३ अग्निबाणाने श्रीहरिकोट्याहून सोडला. या बातम्या वाचून पुष्कळांचा समज झाला की सेवा आलीच. उपग्रह वर जाणे, त्याला इथल्या लहरी वापरण्याची परवानगी मिळणे आणि आपल्या सिमवर रिचार्ज उपलब्ध होणे, हे तीन वेगवेगळे टप्पे आहेत, आणि ग्राहकाला तिसराच टप्पा उपयोगाचा.

स्टारलिंकबद्दलचा घोळ आणखी वेगळा आहे. जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने तिला जो परवाना दिला तो घरावर छत्री बसवून इंटरनेट देण्याच्या सेवेचा. खिशातल्या फोनला थेट संदेश देण्याचा नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या कंपनीशी इरादापत्रावर सह्या केल्या, पण त्यात नावानिशी आलेले दुर्गम जिल्हे गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाचकाने त्या बातमीवर विसंबून फोन घेऊ नये.

यापेक्षा गंभीर बाब परदेशातून आणलेल्या उपकरणांची. दुबई किंवा अमेरिकेत असलेला भाऊ प्रेमाने थुराया किंवा इरिडियमचा उपग्रह फोन, नाहीतर डोंगरात फिरणारे लोक वापरतात ते गार्मिनचे छोटे संदेशयंत्र आणून देतो. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी उपकरणे भारतात बाळगणे हा गुन्हा ठरतो. तारयंत्राचा १८८५ चा आणि बिनतारी यंत्रांचा १९३३ चा कायदा यासाठी वापरला गेला आहे, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात हल्लेखोरांनी थुराया फोन वापरल्यानंतर किनारपट्टीवर या बाबतीत नजर अधिकच कडक झाली. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला केवळ गार्मिनचे असे यंत्र सामानात सापडल्यामुळे अडवून ठेवण्यात आले होते. कायदेशीर उपग्रह फोन हवाच असेल, तर बीएसएनएलमार्फत मिळणारा इनमारसॅटचा फोन हा मार्ग आहे, पण त्याचा खर्च आणि कागदपत्रे पाहता तो जहाजे, आपत्ती यंत्रणा आणि मोठ्या संस्थांसाठीच आहे.

आपली रेंज नक्की कुठे आणि का जाते

कायद्याचा अडसर उद्या दूर झाला असे समजून पुढे जाऊ, कारण सेवा कधी तरी येणारच आणि तेव्हा निर्णय घाईत घ्यायला नको. त्यासाठी आताच करता येण्यासारखे काम म्हणजे आपल्या वाडीचा रेंजचा नकाशा काढणे. वही-पेन पुरते. निरनिराळ्या कंपन्यांची दोन सिम घ्यावीत, शेजाऱ्याचे उसने चालेल, आणि घरापासून सुरुवात करावी: ओटी, माजघर, मागीलदार, खळे, विहीर, बाग, शाळा, एसटीचा थांबा, बंदर, आणि बाजाराच्या वाटेवर घाटातली वळणे. प्रत्येक ठिकाणी फोन क्षणभर विमान मोडमध्ये टाकून परत चालू करावा, म्हणजे तो जुन्या टॉवरला धरून न राहता नव्याने शोध घेतो. मग किती रेघा दिसतात एवढेच न लिहिता प्रत्यक्ष एक एसएमएस पाठवून तो गेला की नाही, हे लिहावे. एक रेघ दिसत असतानाही एसएमएस जातो आणि कॉल मात्र तुटतो, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो, आणि संदेशाचीच गरज असेल तर तिथे उपग्रहाची गरजच उरत नाही.

या पाहणीत एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. फोनवर आपल्या कंपनीचे नाव जाऊन फक्त आपत्कालीन कॉल करता येतील अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते, तेव्हा लोक रेंज नाही म्हणून फोन खिशात टाकतात. त्या पाटीचा अर्थ असा की आपल्या कंपनीचा टॉवर लागत नाही, पण दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा लागतो आहे, आणि त्यावरून ११२ लावता येतो. नकाशावर अशा जागा वेगळ्या खुणेने दाखवाव्यात. माझ्या पाहण्यात अशा जागा लोकांच्या कल्पनेपेक्षा जास्त निघतात, आणि तिथे महागड्या फोनऐवजी दुसऱ्या कंपनीचे स्वस्त सिम घेतले तरी काम भागते.

दुसरी खूण रेंज जाण्याच्या कारणाची. काही जागी डोंगर आडवा येतो आणि बारा महिने रेंज नसते. काही जागी एरवी सगळे ठीक असते, पण वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते. कोकणात हा दुसरा प्रकार जास्त छळतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगड भागात झाडे व खांब आडवे झाले, अनेक गावांत वीज परत यायला आठवडे लागले, आणि मुंबईतल्या नातलगांना घरचे सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला कोणी तरी माणूस प्रत्यक्ष गावाबाहेर येईपर्यंत वाट पाहावी लागली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले आणि २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले. रस्त्यावर झाडे पडली की जनरेटरला डिझेल पोहोचत नाही, आणि फायबर तुटले की टॉवर उभा असूनही मुका होतो. उपग्रहाला यातले काहीच लागत नाही. त्यामुळे ज्यांच्या वहीत दुसऱ्या प्रकारच्या खुणा जास्त आहेत, त्यांच्यासाठी उपग्रह संदेशाची खरी किंमत वर्षातल्या त्या चार-आठ दिवसांत आहे, रोजच्या वापरात नाही. शंभर रुपयांचे मासिक शुल्क आणि एकदाच भरायचे शुल्क यांत निवड करायची वेळ आली, तर हा फरक आठवावा.

आपत्तीच्या वेळी दूरसंचार विभाग कंपन्यांना इंट्रा सर्कल रोमिंग सुरू करायला सांगतो, म्हणजे एका कंपनीचा टॉवर बंद पडला तर ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलता येते. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क हाताने कसे निवडायचे, हे घरातल्या एकाला तरी शिकवून ठेवावे. आणि फोनच बंद पडला तर उपग्रह काय करणार? म्हणून भरलेली पॉवर बँक आणि छोटे सौर चार्जर या दोन वस्तू उपग्रह सेवेच्या आधी विकत घ्यायच्या आहेत.

ज्या गावात टॉवर नाही पण फायबर आले आहे, तिथे वायफाय कॉलिंग चालू करून पाहावे. बहुतेक नव्या फोनमध्ये आणि मोठ्या कंपन्यांच्या सिमवर ही सोय असते, तिला वेगळे पैसे सहसा पडत नाहीत, आणि राउटरला छोटा युपीएस जोडला तर वीज गेल्यावरही काही तास बोलता येते. वाडीत राहणाऱ्या वृद्ध आई-वडिलांसाठी मला विचाराल, तर याहून चांगला खर्च नाही. उपग्रहाकडे फोन रोखून, पडद्यावरच्या बाणाप्रमाणे वळत, मिनिटभर हात स्थिर धरून ठेवण्याची अपेक्षा सत्तरीतल्या बाईंकडून करणे मला व्यवहार्य वाटत नाही.

आकाशाची परीक्षा

ज्या जागी रेंज नाही अशा खुणा वहीत आल्या, की त्यातल्या प्रत्येक जागेवर उभे राहून वर पाहावे. इमारतीत, बोगद्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उपग्रह संदेश जात नाही, त्यामुळे कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात त्याचा उपयोग शून्य आणि चिऱ्याच्या भिंतीआड जवळजवळ तेवढाच. कौलारू घरातून बाहेर खळ्यात यावेच लागते. समुद्रकिनारा आणि कातळाचा सडा या दोन जागा उपग्रहासाठी आदर्श आहेत, कारण क्षितिजापर्यंत आड काही नाही. पण गंमत अशी की सड्यावर बऱ्याचदा साधी रेंजही मिळते. उलट जिथे गरज सर्वांत मोठी, ती खाडीकाठची माडा-पोफळीची आगरे, पऱ्याच्या कडेच्या वाटा आणि खोल दऱ्या, तिथेच आकाश सर्वांत कमी दिसते.

घाटांचे गणित थोडे वेगळे आहे. आंबोली, कुंभार्ली किंवा वरंध घाटात रस्त्याच्या एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असते, म्हणजे निम्मेच आकाश मोकळे. धावते उपग्रह असतील तर काही मिनिटे थांबल्यावर एखादा मोकळ्या बाजूने येतो. स्थिर भासणाऱ्या उपग्रहाची सेवा असेल तर तो कोकणातून नेहमी दक्षिणेकडच्या आकाशात, बराच वर दिसतो. त्याच बाजूला कडा आला तर कितीही थांबून उपयोग नाही, काही पावले पुढे-मागे सरकावे लागते. म्हणून सेवा घेताना ती कुठल्या उपग्रहावरून चालते हा प्रश्न अवश्य विचारावा. दुकानात त्याचे उत्तर मिळेलच असे नाही, पण कंपनीच्या माहितीपत्रकात ते असते.

समुद्रात जाणाऱ्यांसाठी

मासेमारी करणाऱ्यांचा विचार मी मुद्दाम वेगळा करतो, कारण त्यांच्यासाठी उत्तर जवळजवळ ठरलेले आहे: मोबाइलवरच्या उपग्रह संदेशाची वाट पाहू नये, कारण त्यांच्यासाठी त्याहून चांगली साधने आधीच आहेत.

किनाऱ्यापासून काही मैल आत गेले की मोबाइल सुटतो. हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणहून दोन-तीन दिवसांसाठी जाणाऱ्या ट्रॉलरला हे रोजचेच आहे. अशा नौकांसाठी इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर मत्स्यसंपदा योजनेतून विनामूल्य बसवण्याचा कार्यक्रम ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर इथे सुरू झाला; देशातल्या १३ किनारी राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख नौकांचे उद्दिष्ट आहे. हे यंत्र उपग्रहावरून दोन्ही बाजूंनी छोटे संदेश नेते-आणते, नौकेची जागा किनाऱ्यावर कळवते, संकटाचा इशारा देते आणि हवामानाची सूचना समुद्रात पोहोचवते. तांडेलाचा साधा मोबाइल नभमित्र ॲपमार्फत त्याला जोडता येतो. थोडक्यात, ज्या सोयीसाठी लोक लाखाचा फोन घ्यायला निघतात, ती नौकेवर फुकट आणि कायदेशीरपणे मिळते. अजून बसवले नसेल, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे नौकेच्या कागदपत्रांसह चौकशी करावी.

त्याशिवाय संकट-इशारा देणारे डॅट हे यंत्र आहे. आग, नौका बुडणे, आजारपण असा प्रकार निवडून बटण दाबले की जागेसह इशारा उपग्रहावरून इस्रोच्या केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. जुन्या यंत्रात इशारा गेला की नाही हे नौकेवरच्यांना कळत नसे, आणि भर वादळात ते न कळणे फार जड जाते. दुसऱ्या पिढीच्या यंत्रात भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहांमार्फत पोच परत येते. जुने यंत्र असलेल्यांनी नवे मागून घ्यावे, ते याचसाठी.

आणि या सगळ्याच्या आधी नौकेवरच्या व्हीएचएफ बिनतारी संचाचा १६ नंबरचा चॅनल. उपग्रहाचा संदेश किनाऱ्यावर जातो, तिथून आदेश निघतो, मग जहाज किंवा हेलिकॉप्टर निघते. व्हीएचएफवरची हाक मात्र आसपासच्या सगळ्या नौकांना त्याच क्षणी ऐकू येते, आणि समुद्रात माणूस वाचतो तो बहुधा सर्वांत जवळच्या नौकेमुळे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक रेंजमध्ये असेपर्यंतच कामाचा. तो फोनमध्ये जतन असावाच. रापणकर आणि किनाऱ्याजवळ छोट्या होडीने जाणारे मुख्यतः रेंजमध्येच असतात. त्यांनी फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी घ्यावी आणि तीन नंबरचा बावटा लागला असेल तर होडी वर ओढावी, एवढे पुरे.

संदेश कोण वाचणार, आणि कोणत्या शब्दांत

सेवा चालू आहे, आकाश मोकळे आहे आणि संदेश गेला. तो कुणाकडे गेला? परदेशात संकटाचा संदेश बऱ्याचदा खासगी केंद्राकडे जातो आणि तिथला माणूस स्थानिक पोलिसांना फोन करतो. इथे सेवा येईल तेव्हा तो ११२ च्या यंत्रणेला जोडलेला असेल की फक्त नातलगांना जाईल, यावर तिची निम्मी किंमत ठरते. संदेश फक्त नातलगांनाच जाणार असेल, तर आपली माणसे बोरिवलीत झोपलेली असताना रात्री दोन वाजता पाठवलेला संदेश सकाळी सात वाजता वाचला जाईल, हे गृहीत धरावे.

मजकुराबद्दल एक उपयोगाची गोष्ट. रोमन लिपीतल्या साध्या एसएमएसच्या एका भागात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळे मोजले जातात. सावकाश चालणाऱ्या मार्गावर लांब मजकूर म्हणजे जास्त वेळ आणि तो मध्येच तुटण्याची जास्त शक्यता. त्यामुळे सवय आतापासून लावावी: काय झाले, किती माणसे, कुठे. “होडी बंद. ४ माणसे. पाणी शिरतेय. १६.०५ उ ७३.२० पू” हा संदेश पन्नासच्या आत बसतो आणि त्यात शोधपथकाला लागणारे सारे आहे. जमिनीवर असाल तर नुसते वाडीचे नाव लिहू नये. मधलीवाडी, भंडारवाडी, वरचीवाडी ही नावे प्रत्येक तालुक्यात ढिगाने सापडतात. बाहेरून आलेल्या पथकाला गाव, तालुका आणि अक्षांश-रेखांश लागतात. आपल्या घराचे अक्षांश-रेखांश नकाशाच्या ॲपवरून काढून वीजबिलाच्या मागे लिहून दाराजवळ चिकटवले, तर उपग्रह असो वा नसो, रुग्णवाहिका बोलावतानाही त्याचा उपयोग होतो.

पैशांचा हिशेब

नवा फोन घ्यायचाच असेल आणि तुम्हाला हवा असलेला फोन उपग्रहाची सोय घेऊनच येत असेल, तर ती असू द्यावी. तिच्यासाठी वरचे मॉडेल मात्र घेऊ नये. याला एक दाखला आहे. जानेवारी २०२३ मध्ये फोनच्या चिप बनवणारी क्वालकॉम आणि उपग्रह कंपनी इरिडियम यांनी अँड्रॉइड फोनसाठी उपग्रह संदेशाची मोठी घोषणा केली, आणि फोन बनवणाऱ्यांनी ती यंत्रणा न घेतल्यामुळे त्याच वर्षाच्या अखेरीस करार संपुष्टात आला. शिवाय ज्या प्रकारात उपग्रहच टॉवरचे काम करतो तो पुढे भारतात आला, तर आजचे पुष्कळ साधे फोन त्यावर चालतील आणि खास चिपसाठी मोजलेले पैसे वाया जातील.

पाच-सात हजारांचा खर्च करण्याची तयारी असलेल्या वाडीतल्या घरासाठी माझा क्रम असा: दुसऱ्या कंपनीचे सिम, चांगली पॉवर बँक, फायबर असेल तर राउटरचा युपीएस, आणि फोनमध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सचेत ॲप. घाटमाथ्यावर आणि दऱ्यांत फिरणाऱ्या गिर्यारोहकांनी सेवा येताच ती घेण्याचा विचार गंभीरपणे करावा. त्यांची गरज खरी आहे आणि त्यांना आकाश शोधत काही अंतर चालता येते. किनाऱ्यावर होमस्टे चालवणाऱ्यांनी घाई करू नये. ग्रामपंचायतीचा मामला वेगळा: सेवा आल्यावर सगळ्या गावात मिळून एक उपग्रह जोडणी असलेला फोन सरपंचाकडे किंवा आपदा मित्राकडे, म्हणजे आपत्तीत मदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकाकडे, असणे, हे वीस घरांनी वीस फोन घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे. वादळानंतर सर्वांचा निरोप एकच असतो: सगळे ठीक आहेत, अमुक घर पडले, अमक्याला औषध हवे.

सेवा आल्यावर पैसे भरण्यापूर्वी काउंटरवर विचारायचे ते असे: माझ्या याच फोनवर आणि याच सिमवर चालते का, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि समुद्रात किती मैलांपर्यंत चालते, संकटाचा संदेश ११२ ला जातो का, संदेश पोहोचल्याची पोच येते का, घरच्यांना मला आपणहून संदेश पाठवता येतो, की आधी मी पाठवल्यावरच उत्तर येते, आणि गरजेपुरते एका महिन्याचे पैसे भरता येतात का. उत्तरे तोंडी न घेता लेखी किंवा कंपनीच्या ॲपमधल्या चॅटवर घ्यावीत. पहिला महिना भरायचा तो मे महिन्यात नव्हे, श्रावणात. बाग पूर्ण भिजलेली असताना, वहीतल्या ज्या जागांवर रेंज नाही अशी खूण केली आहे तिथे उभे राहून संदेश पाठवून पाहावा, आणि निम्म्याहून जास्त जागांवरून तो गेला नाही तर पुढचे पैसे भरू नयेत.